किरण दिलेली जवारी

१२ मे १९३७

उकाड्यानं जीव नकोसा केला आहे. एक्स-रेच्या खोलीला खिडकी एकच, तीही काळ्या कापडानं बंद. वाळ्याची ताटी मागितली तर डॉक्टरसाहेब म्हणाले, ओलीनं मशीन बिघडेल. बरोबर आहे! मशीन बिघडू नये, नामदेव बिघडला तरी चालेल.

सकाळी रोजच्यासारखा पडद्याआड हात धरला. बोटांची हाडं स्वच्छ दिसली, म्हणजे नळी ठीक. जुने ऑपरेटर जाताना हेच शिकवून गेले, आधी आपला हात, मग रोग्याचा. शिशाचा अंगरखा फिल्मच्या पेटीवर पांघरून ठेवला. या दिवसांत ते ओझं अंगावर घेईल कोण? फिल्मला किरण लागला तर वाया जाते, विलायतेहून येते ती. तिला जपलं पाहिजे.

दुपारी शेतकी खात्यातले देशकर आले, डॉ.सा.ची परवानगी काढून. हातात जवारीच्या बियांच्या पुड्या. "नामदेवराव, यांना नुसता किरण द्यायचा. कोणाला थोडा, कोणाला जास्त." मी म्हटलं, कोणतं हाड मोडलं जी तुमच्या जवारीचं? खूप हसले. माणूस अर्धा येडा वाटतो, पण बोलायला गोड.

९ जुलै १९३७

देशकर बर्डीच्या बाजारात भेटले, सायकल ढकलत. ऐकेनात, ओढतच नेलं त्यांच्या वावरात. जास्त किरणाची पुडी बरीचशी उगवलीच नाही. उगवली त्यातली काही रोपं खुरटी, एकाच्या पानावर फिकट पट्टा. थोड्या किरणाची मात्र चांगली वर आली आहेत.

विचारलं, माझ्या मशीननं असं काय केलं बियांना? म्हणाले, "पुढलं झाड कसं व्हावं ते सगळं बियात ठरलेलं असतं. किरण आत शिरून कुठंतरी धक्का मारतो. कुठं, ते कोणाच्या हातात नाही."

मी कोष्ट्याचा पोरगा. मला ते आपल्या मागावरून कळलं. ताणा भरताना एक तार फणीत चुकीची ओवली की त्या ताण्यावरचं एकूण एक लुगडं तोच दोष घेऊन उतरतं. देशकरांना सांगितलं तर भर वावरात पाठ थोपटली माझी. घरी येईपर्यंत फुशारकीत होतो.

५ सप्टेंबर १९३७

मारबत. माझ्या कमळीला खांद्यावर घेऊन इतवारीत मिरवणूक पाहत उभा होतो. पोट्टी चार वर्षांची, पण आवाज केवढा! "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. लोक रोगराई घेऊन जा म्हणत होते. मीही ओरडलो.

घरी मायनं हात धरला. "काय गा, तुहे बोटं काहून असे वाळून राहिले? नखाले चिरा पडल्या." म्हटलं, फोटो धुवायच्या औषधानं होतं. मायनं तीळतेल लावून दिलं.

११ सप्टेंबर १९३७

देशकरांकडे उगाच गेलो असं आता वाटतं.

जवारी डोक्याच्या वर गेली आहे, प्रत्येक कणसाला कागदाची पिशवी बांधलेली. मी विचारलं, कणसांना टोपडी काहून? म्हणाले, दुसऱ्या झाडाचा पराग लागू नये म्हणून. कणसाचं बी त्याच्या स्वतःच्याच परागानं धरलं पाहिजे. मग बोलता बोलता बोलून गेले की परदेशात फळांवरच्या बारीक माश्यांना असाच किरण दिला होता. माश्या भल्याचंग्या राहिल्या. फरक पडला तो पिलांत. कोणाचे डोळे वेगळ्या रंगाचे, कोणाचे पंख वाकडे.

मी विचारलं, किरण नुसता नराला दिला तर?

"तरी पडतो."

माणसांत?

"माणसांत कोणी पाहिलं? बहुतेक काही होत नसावं." माझं तोंड पाहून त्यांनी घाईघाईनं तांब्या पुढं केला. पाणी प्यालो नाही.

बहुतेक! सात वर्षं झाली मला त्या खोलीत. कमळी त्यातलीच.

१३ ऑक्टोबर १९३७

दसऱ्याची धावपळ. सरू तुळशीपाशी थांबली, म्हणाली, "ऐकलं का, मले दिवस गेले."

हसलो असेन मी. हसलोच, कारण तीही हसली. मग परसात जाऊन उगाच लाकडं फोडत बसलो.

मायला कळलं तर तिचं सुरू, जुनी गोष्ट. सरू म्हणजे माझ्या मामाची मुलगी. मामाचं लग्न झालं तेव्हा मायनं रीतीप्रमाणे नवरानवरीचं दार अडवलं, तुही लेक माह्या लेकाले देशील तर आत येऊ देईन. मामानं 'देतो' म्हटलं, तेव्हा ना सरू जन्मली होती ना मी. "दादानं शब्द पाळला म्हणून ही सून भेटली मले. परकी आणली असती तर घरात आली असती अन् चूल येगळी मागितली असती." सरू पदराआड हसत होती. ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली आहे!

हे पोर राहिलं तेव्हा मला माश्यांचं ठाऊक झालेलं होतं की नव्हतं? हिशेब करत नाही. करून काय उपयोग.

२ नोव्हेंबर १९३७

अंगरखा घालायला लागलो. खांदे भरून येतात. हात पडद्याआड धरणंही बंद केलं, नळीची परीक्षा लाकडावर ठोकलेल्या कोंबडीच्या हाडावर. चालतं की! इतकी वर्षं हे कोणाला सुचू नये?

५ नोव्हेंबर १९३७

झालं. अंगरखा माझ्या अंगावर, पेटी उघडी. फिल्मची अख्खी चळत काळवंडली. डॉ.सा. रोग्यांसमोर बोलले, "फिल्मपेक्षा तू मोठा झालास काय रे?"

ओठावर आलं होतं, हो साहेब, झालो. पण गिळलं.

दुपारी शांत झाले तेव्हा माश्यांचं सांगितलं. म्हणाले, "मी पण त्याच खोलीत असतो. माझी मुलं पाहिलीस ना?" पाहिली आहेत. दोन्ही गोरीगोमटी, हुशार. तरी साहेब दाराशी उभे राहतात अन् मी नळीपाशी, लहान पोरांना मांडीत धरून बसतो तो मी. हे मात्र बोललो नाही.

पेटी आता भिंतीपलीकडे ठेवायची परवानगी मिळाली. तेवढं पदरात पडलं.

१९ डिसेंबर १९३७

आज मोकळा श्वास घेतला! देशकरांनी जवारी कापली. कणसं टच्च भरलेली, दाणा मोत्यासारखा. ज्या झाडाच्या पानावर पट्टा होता त्याचंसुद्धा कणीस भरलं. किरण खाल्लेली जवारी अन् गावची जवारी शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही.

येताना बर्डीवरून सरूला संत्री घेतली. तिला सध्या आंबटच पाहिजे. फोड तोंडात टाकताना डोळे मिटते, बाप्पा! किती दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

३० जानेवारी १९३८

देशकरांनी त्या कणसांचं बी लाकडी पेट्यांत पेरलं आहे, एका कणसाची एक पेटी. आज बोलावलं. नसतो गेलो तर बरं झालं असतं.

पुष्कळ पेट्या हिरव्या. पण दोन-तीन पेट्यांत हिरव्याच्या मधून मधून पांढरी रोपं. फिकी नाहीत, पांढरी. दुधासारखी. मातीतून सरळ वर आलेली, पानंही झाली आहेत, फक्त रंग नाही.

देशकर आनंदानं नाचायचे बाकी होते. मी म्हटलं, यांना किरण कधी दिला?

"यांना नाही दिला. यांच्या आईबापाला दिला, म्हणजे तुम्ही दिला त्या बियांना."

पण ती झाडं तर हिरवी होती! मी पाहिली ना कणसं.

"हिरवीच होती. दोष आत झाकून होता. एका अंगानं आला तर झाकला जातो. दोन्ही अंगांनी तोच दोष येऊन मिळाला की उघडा पडतो. म्हणून तर पिशव्या बांधल्या होत्या."

माणसात दोन्ही अंगांनी तोच दोष कसा येईल, हे मी विचारलं. कशाला विचारलं?

"एकाच आजोबाची नातवंडं आपसात लग्न करतील तर येऊ शकतो. आमच्यात नाही करत. तुमच्यात?"

 उशीर झाला म्हणून निघालो.

४ फेब्रुवारी १९३८

पांढरी रोपं मेली. बियातलं अन्न संपलं, हिरवेपण नाही म्हणून स्वतःचं करता येत नाही, असं देशकर म्हणाले. एकही उरलं नाही.

बाजूची हिरवी मजेत आहेत. त्यांच्यातही काहींच्या पोटात तोच दोष असणार. कोणाच्या? पाहून सांगता येत नाही म्हणे.

१७ फेब्रुवारी १९३८

सरू भांडली. "तुम्ही माह्याकडं पाहून काहून नाही राहिले? पोटाले हात लावून नाही राहिले. माह्यानं काही चुकलं का?"

तेव्हा सांगितलं. मशीन, बियाणं, माश्या, पांढरी रोपं, आणि ती मेली ते. ऐकताना हातातलं सूप थांबलं. मग म्हणाली, "मी काय जवारी हाये का जी? पोट्टं माहंबी हाये. जसं येईन तसं घेईन मी." आणि पुन्हा पाखडायला लागली. थोड्या वेळानं माझा डावा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत लाथ मारली त्यानं!

नातवंडांचं नाही सांगितलं. अर्धंच सांगितलं. तिला अर्ध्याचंच एवढं ओझं, आणखी काय घालायचं.

२२ मार्च १९३८



कमळी चिंचेवरून पडली. कोपराखाली हात सुजून ढब्बू. डॉ.सा.नी पाहिलं अन् म्हणाले, फोटो काढ. मी म्हटलं, साहेब, बाहेरूनच चाचपून बांधता येणार नाही का? "येडा झालास काय? हाड वाकडं बसलं तर जन्माची लुळी होईल."

दुसऱ्याच्या किती पोरांना मी या टेबलावर धरलं असेल, न बोलता. आज माझी. अंगरखा एकच. गळ्यापासून पायापर्यंत तिच्या अंगावर घातला, फक्त हात बाहेर. ओझ्यानं रडायला लागली, "बाबा, हे काढा, मी दबून राहिली." मी उघडाच तिचं मनगट धरून उभा. डॉ.सा. दारातून ओरडले, एवढं कशाला झाकतोस, घाई कर. तेव्हा माझा तोल गेला. ओरडलो, साहेब, तुम्ही धरा मग! 

 मशीन त्यांनीच चालवलं.

फोटोत स्पष्ट दिसलं. हाड मोडून सरकलं होतं. फोटो नसता तर चुकीचंच बांधलं असतं. त्याच मशीननं माझ्या पोरीचा हात वाचवला. याला आता शिव्या द्याव्या की पाया पडावं? मला कळत नाही.

२३ मार्च १९३८

वाटलं, काढून टाकतील. डॉ.सा. सकाळी आले अन् खुंटीला दुसरा अंगरखा अडकवला. कुठून आणला, विचारलं नाही.  आपल्या पोरांचा विचार त्यांच्याही मनात आला असेल काय?

१० मे १९३८

सरू अवघडली आहे. पाय सुजतात. माय तिला हलू देत नाही, स्वतःच मागाच्या कांड्या भरते अन् स्वयंपाकही करते.

दवाखान्यात बदली मागितली, कुठंही, औषधं वाटायलाही तयार. नाही म्हणाले, मशीन दुसऱ्या कोणाला येत नाही. खरं आहे. दुसऱ्या कोणाला शिकवू म्हटलं तरी, कोणाला शिकवू? तोही कोणाचा तरी बाप होणार.

९ जून १९३८

मुलगा.

सकाळपासून सरूचं सुरू होतं. मी ओसरीवर. दाई आत-बाहेर करायची, दरवेळी तिच्या तोंडाकडे पाहायचो. ती म्हणाली, "पहिलं पोट्टं हाये का तुमचं? एवढं काय घाबरून राहिले?"

रडण्याचा आवाज आला, मग मायचा, "नाम्या, पोरगा झाला गा!"  मायनंच बाहेर आणून दाखवला. बोटं पाहिली. दोन्ही हातांची, दोन्ही पायांची. कान, टाळू, पाठ. डोळे उघडेपर्यंत हटलो नाही. काळेभोर आहेत. रंगानं माझ्यावर गेला, चांगला सावळा. कधी नव्हे ते सावळा रंग पाहून मी ओक्साबोक्शी रडलो. माय म्हणते, बापासारखा बाप अन् पोरीसारखा रडते.

देशकरांना पेढे नेऊन दिले. त्यांनीही आधी हेच विचारलं, सगळं ठीक ना? म्हणजे त्यांच्याही मनात होतं तर.

२१ जून १९३८

बारसं झालं. नाव वसंता.

आधीचं लिहितो. बाळंतिणीच्या खोलीतून पोराला पाळण्यापाशी आणायचं होतं. मायनं माझ्याच हातात दिलं. दारापाशी आलो तर उंबऱ्यात कमळी, दोन्ही हात पसरून. मोडलेला हात सरळ झाला आहे, पूर्ण लांबवते आता. नवं परकर-पोलकं, नाकावर घाम. मागून मायचा आवाज, "म्हण वं, शिकवलं तसं."

कमळी म्हणाली, "वसंता, तुही लेक माह्या लेकाले देशील का? देशील तर मंगच आत येऊ देईन."

बायका हसून हसून बेजार. कोणी म्हणाली, लग्नातली रीत बारशाले कोण करते वं? माय म्हणाली, "त्याच्या लग्नापर्यंत मी कशाची जगते? आताच शब्द घेऊन ठेवतो. माह्या दादानं देला तसा यानं द्यावा. घरची पोरगी घरात राहीन."

पोर बोलणार कुठून. बापानं बोलायचं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. "म्हण ना गा. देतो म्हण."

दोन अक्षरं. कोणी लिहून घेणार नव्हतं. पण मायनं घेतलेला शब्द या घरात कसा पाळला जातो ते मला ठाऊक आहे, सरू समोरच बसली होती. एका बाजूला कमळी, एका बाजूला हा; यांची पोरं म्हणजे एकाच आजोबाची नातवंडं, अन् तो आजोबा मी. दोघंही माझी, दोघंही त्या खोलीच्या नंतरची. दोघंही हसरी, धडधाकट. दोघांच्या आत काही असेल, एकाच्या असेल, कोणाच्याच नसेल. देशकर म्हणतात, बहुतेक नसेलच. मला त्या पेट्या दिसत होत्या.

"बाबा, म्हणा ना. माहे हात दुखून राहिले."

'देतो' म्हटलं नाही मी. 'नाही' असंही म्हटलं नाही. वसंता एका हातावर होताच, दुसऱ्या हातानं कमळीला कडेवर उचललं अन् दोघांना घेऊन उंबरा ओलांडला. बायका हसल्या, गोंगाट झाला, कुर्र झालं, घुगऱ्या वाटल्या. माय मात्र हसली नाही.

२२ जून १९३८

माय सकाळी बोललीच. "देतो म्हणायले काय गेलं असतं तुहं? का डॉक्टरसाहेबाच्या संगतीनं आपली रीत हलकी वाटून राहिली? माही भावजय, सरूची माय, काय मनात म्हणत असेन?" म्हटलं, गडबडीत राहून गेलं. तिला पटलं नाही. कांडी फिरवत बसली, माझ्याकडे पाठ करून.

ती गेल्यावर सरूनं विचारलं, हळू आवाजात. "त्या दिवशी जवारीचं सांगितलं, त्यातलं काही राहिलं व्हतं का?"

काय नजर आहे या बाईची! म्हटलं, सांगतो. वसंता अंगावर पीत होता. कमळी त्याच्या मुठीत आपलं बोट देऊन बसली होती, सोडत नाही म्हणून खिदळत होती. म्हटलं, नंतर सांगतो, अन् दवाखान्याची वाट धरली. कोंबडीचं हाड पडद्याआड धरलं, दिवसभर अंगरखा घातला, सगळं नीट केलं.

घरी आलो तर माय कमळीला घेऊन ओसरीवर. जावळाच्या दिवशी पुन्हा दार अडवायचं, असं तिला पढवून ठेवलं आहे. कमळी मला पाहून उठली अन् हात पसरून उंबऱ्यात उभी राहिली.